संप्रेरकावर आधारित औषधाने माणसाची वेदना खरोखर कमी होते का, हे कसे तपासावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शरीरात मुळातच तयार होणाऱ्या एका पेप्टाइड (म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीच्या) संप्रेरकाच्या रेणूत थोडा बदल करून एक औषध बनवले आहे. उंदरांवर त्याचा वेदनाशामक परिणाम दिसला. मग जुनाट कंबरदुखीच्या २० रुग्णांना ते सहा आठवडे दिले, आणि ० ते १० या मापावर त्यांची सरासरी वेदना ७ वरून ४ वर आली. औषध लागू पडते असे आता म्हणता येईल का, आणि येत नसेल तर पुढची चाचणी कशी आखावी?

तसे म्हणता येणार नाही. वेदना कमी झाली, हे मला मान्य आहे. ती औषधामुळे कमी झाली, हे मात्र या आकड्यांवरून कळत नाही. जुनाट दुखणे कधीच एका पातळीवर राहत नाही. चार दिवस बरे जातात, मग आठ दिवस उठता-बसता येत नाही. माणूस उपचारासाठी येतो तो या दुसऱ्या काळात. म्हणजे त्याची पहिली नोंद त्याच्या वाईट दिवसांतली असते, आणि काहीही न करता सहा आठवडे थांबले तरी पुढची नोंद बहुधा खाली येतेच. त्यात आणखी एक भर पडते. चाचणीत प्रवेशासाठी किमान ४ किंवा ५ एवढी वेदना हवी असा नियम असेल आणि तो रुग्णाला किंवा भरती करणाऱ्या डॉक्टरला माहीत असेल, तर पहिला आकडा नकळत फुगतो. प्रवेश मिळाला की ती फूग उतरते आणि तिचे श्रेय औषधाला मिळते.

यापुढे येतो प्लासिबो, म्हणजे औषधासारखेच दिसणारे पण औषध नसलेले काहीतरी. ‘मनाचा खेळ’ म्हणून तो बाजूला सारण्याची आपल्याला सवय आहे, पण संप्रेरकांवर काम करणाऱ्याने तरी तसे करू नये. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की प्लासिबोने मिळालेला आराम नालोक्सोन दिल्यावर नाहीसा होतो. नालोक्सोन अफूवर्गीय औषधांचा परिणाम रोखते, तेव्हा प्लासिबोच्या आरामामागे शरीराची स्वतःची अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये, म्हणजे एंडॉर्फिन, असावीत, असा निष्कर्ष त्यातून निघाला. यांपैकी बीटा-एंडॉर्फिन हे ३१ अमिनो आम्लांचे पेप्टाइड ज्या मोठ्या प्रथिनातून कापून निघते, त्याच प्रथिनातून कॉर्टिसॉल स्रवायला लावणारे एसीटीएच हे संप्रेरकही निघते. तेव्हा तुमच्या औषधाची तुलना ‘काहीच न देण्या’शी होणार नसून, आशेने आणि आपुलकीच्या वागणुकीने शरीर स्वतःच जो आराम निर्माण करते त्याच्याशी होणार आहे. हा प्रतिस्पर्धी दुबळा नाही.

उंदरांच्या निकालाबद्दल थोडक्यात सांगतो. सब्स्टन्स पी हे पेप्टाइड १९३१ मध्ये सापडले आणि पुढे वेदनेच्या संदेशवहनातले त्याचे काम प्राण्यांमध्ये भक्कमपणे दाखवले गेले. त्याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची ज्या जागी तो रेणू बसतो ती जागा, रोखणारी औषधे प्राण्यांमध्ये गुणकारी ठरली आणि माणसांच्या वेदनेवर मात्र फसली. त्याच गटातले अ‍ॅप्रेपिटंट २००३ मध्ये बाजारात आले ते केमोथेरपीतली उलटी थांबवण्यासाठी. उंदराच्या बाबतीत आपण पंजा मागे घ्यायला त्याला किती वेळ लागला हे मोजतो, त्याला काय वाटते हे मोजत नाही. आणि संप्रेरकाने सुस्तावलेला किंवा निर्धास्त झालेला उंदीरही पंजा उशिराच मागे घेतो.

माणसांवरचे पहिले काम निरोगी स्वयंसेवकांवर होते आणि त्यात वेदनेपेक्षा औषधाचा प्रवास महत्त्वाचा असतो. पेप्टाइड तोंडावाटे दिले तर पोटात पचून जाते, म्हणून बहुधा इंजेक्शन किंवा नाकातला फवारा हेच मार्ग उरतात. ऑक्सिटोसिन, म्हणजे प्रसूतीत आणि आपुलकीच्या भावनेत भाग घेणारे संप्रेरक, हा नऊ अमिनो आम्लांचा छोटा रेणू रक्तात अवघी काही मिनिटे टिकतो. नाकातून फवारल्यावर त्यातले मेंदूपर्यंत नेमके किती पोहोचते यावर आजही वाद आहेत, आणि म्हणूनच काही संशोधकांनी ते थेट पाठीच्या कण्यातल्या द्रवात देऊन पाहिले. कॅल्सिटोनिन हे हाडे आणि कॅल्शियम सांभाळणारे संप्रेरक ३२ अमिनो आम्लांचे. औषध म्हणून वापरले जाते ते सामन माशाचे, कारण ते मानवी कॅल्सिटोनिनपेक्षा अधिक प्रभावी आहे. पण परके असल्याने काही रुग्णांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. तुमच्या रेणूतही बदल केलेला आहे, तेव्हा प्रतिपिंडांची तपासणी पहिल्या दिवसापासून ठेवा. सहाव्या आठवड्यात परिणाम ओसरू लागला, तर त्याचे कारण रिसेप्टर थकले हे की औषधच निष्प्रभ होऊ लागले हे, याचा उलगडा त्याशिवाय होणार नाही.

याच टप्प्यावर हात बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवणे, त्वचेला तापवलेली पट्टी लावणे, मिरचीतल्या कॅप्सेसिनचे मलम चोळणे असे वेदनेचे प्रयोग करता येतात. मात्रा ठरवायला त्यांचा उपयोग होतो. पुरावा म्हणून मी त्यांना फारशी किंमत देत नाही, कारण बर्फाच्या पाण्यातून हात कधी काढायचा हे ज्याच्या हाती आहे त्याची वेदना, आणि सहा वर्षे कंबर धरून बसलेल्या माणसाची वेदना, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मात्रेविषयी एक इशारा मात्र देतो. संप्रेरकांच्या बाबतीत ‘जास्त दिले की जास्त परिणाम’ हे गृहीत धरू नये. मात्रा वाढली की रिसेप्टर बोथट होतात, शरीर स्वतःचे उत्पादन घटवते, किंवा रेणू शेजारच्या रिसेप्टरवरही जाऊन बसतो. ऑक्सिटोसिन मोठ्या मात्रेत व्हॅसोप्रेसिनसारखे वागू लागते, शरीरात पाणी साठते आणि रक्तातले सोडियम उतरते. म्हणून एकाच मात्रेवर पुढची सगळी भिस्त ठेवू नका, निदान तीन मात्रा तपासा.

आता रुग्णांची निवड. इथे माझे मत स्पष्ट आहे, की जुनाट कंबरदुखी हा या औषधाच्या पहिल्या कसोटीसाठी चुकीचा आजार आहे. ‘कंबरदुखी’ या एका नावाखाली स्नायू, सांधे, मणक्यातली चकती, नस आणि झोपेचे खोबरे अशी अनेक कारणे एकत्र नांदतात, आणि औषध त्यांतल्या एकाच कारणावर चालत असेल तर सरासरीत त्याचा परिणाम विरून जातो. संप्रेरकांना वेदनेवर जे यश मिळाले आहे ते नेमक्या जागी मिळाले आहे. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णावर कॉर्टिसोन हे स्टेरॉइड संप्रेरक वापरले, तेव्हा वेदना कमी झाली ती सांध्यांतली सूज उतरल्यामुळे. कॅल्सिटोनिनचा वेदनाशामक उपयोग सर्वांत चांगला दिसला तो ठिसूळ झालेला मणका नुकताच मोडल्यावरच्या वेदनेत. जुन्या अस्थिभंगाच्या दुखण्यात ते तितकेसे कामाला आले नाही. तुमचा रेणू कोणत्या रिसेप्टरवर बसतो आणि तो रिसेप्टर कोणत्या दुखण्याच्या वाटेवर आहे, यावरून आजार निवडावा. रुग्ण सहज मिळतात, हे निवडीचे कारण होऊ शकत नाही.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुहेरी अंध चाचणीत कोणाला औषध मिळाले आणि कोणाला प्लासिबो, हे रुग्णालाही कळू नये आणि डॉक्टरलाही कळू नये, अशी अपेक्षा असते. संप्रेरकाचे औषध हे गुपित फोडते. पाळी थांबते, अंगातून गरम वाफा येतात, चेहरा लाल होतो, मळमळते, भूक वाढते. मी काम केलेल्या एका चाचणीत तिसऱ्या आठवड्यालाच एक सहभागी स्त्री खुर्चीत बसता बसता म्हणाली, “डॉक्टर, मला खरं औषध लागलंय. रात्री दोनदा पंखा मोठा करावा लागतो.” आमच्या सीलबंद पाकिटात काय आहे हे तिने पंख्यावरून ओळखले होते. त्या दिवशी तिने वेदनेचा आकडा ३ लिहिला. तो तीन औषधाने आणला की खात्रीने, हे मला आजही सांगता येणार नाही.

एलागोलिक्स या औषधाच्या चाचण्यांवरून हे अधिक नीट कळते. हे औषध मेंदूकडून अंडाशयांकडे जाणारा संप्रेरकांचा हुकूम रोखून इस्ट्रोजेन खाली आणते, आणि एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराच्या) वेदनेसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याच्या दोन मोठ्या चाचण्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. ८७२ स्त्रियांच्या पहिल्या चाचणीत तीन महिन्यांनंतर पाळीच्या वेदनेत पुरेसा उतार पडलेल्या स्त्रिया प्लासिबो गटात १९.६ टक्के, कमी मात्रेच्या गटात ४६.४ टक्के आणि जास्त मात्रेच्या गटात ७५.८ टक्के होत्या. पाळीव्यतिरिक्तच्या ओटीपोटातल्या वेदनेत हेच आकडे ३६.५, ५०.४ आणि ५४.५ असे होते. हे दोन संच शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात औषध आणि प्लासिबो यांच्यातली दरी प्रचंड आहे, दुसऱ्यात ती बेताची आहे. पहिल्यातले बरेचसे यश पाळीच थांबल्याचे आहे. जी पाळी आली नाही तिची वेदना कुठून येणार? रुग्णाच्या दृष्टीने हा फायदा शंभर टक्के खरा आहे आणि तो नाकारण्याचे काही कारण नाही. पण ‘हे औषध वेदनाशामक आहे’ आणि ‘हे औषध वेदनेचा प्रसंगच टाळते’ ही दोन वेगळी विधाने आहेत. चाचणी आखणाऱ्यांनी दोन्ही वेदना वेगळ्या मोजल्या म्हणूनच आपल्याला हा भेद दिसतो. शिवाय एखादीला ‘आराम पडला’ असे धरताना तिचा इतर वेदनाशामक गोळ्यांचा वापर वाढलेला नसावा, अशी अटही त्यांनी घातली होती. माझ्या मते हे आखणीतले सर्वांत शहाणे पाऊल होते.

तुमच्या औषधाबाबतही हाच प्रश्न आधी सोडवायला हवा, की आकडा खाली येण्याच्या वाटा किती आहेत. वेदनेची जाणीव थेट कमी होणे ही एक वाट. सूज उतरणे ही दुसरी. झोप सुधारणे, चिंता कमी होणे, कुणीतरी आपले आहे असे वाटू लागणे, याही वाटाच आहेत, आणि ऑक्सिटोसिनसारख्या संप्रेरकांच्या बाबतीत त्या फारच खुल्या असतात. म्हणून वेदनेच्या आकड्याबरोबर झोप, मनःस्थिती आणि हालचालीची क्षमता यांची स्वतंत्र नोंद ठेवावी, आणि काय आधी सुधारले ते पाहावे. कोणाला काय मिळाले हे गुपित राखण्यासाठी, शक्य असेल तर, तसेच सौम्य दुष्परिणाम करणारा पण वेदनेवर न चालणारा प्लासिबो वापरावा. आकडे घेणारी व्यक्ती दुष्परिणामांची चौकशी करणाऱ्यापेक्षा वेगळी असावी. आणि दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे आरामाचा मोठा फरक पडण्यापूर्वी, प्रत्येकाला विचारावे, की तुम्हाला काय मिळत असावे असे वाटते आणि ते कशावरून. हा प्रश्न अगदी शेवटी विचारला तर उत्तरात गफलत होते, कारण तोवर ज्याला बरे वाटले तो ‘औषध’ म्हणतो आणि ज्याला वाटले नाही तो ‘प्लासिबो’ म्हणतो.

स्त्री-पुरुष आणि पाळीचे चक्र हा तपशील संप्रेरकाच्या चाचणीत तळटीपेत ढकलता येत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना केली, आणि ती १९९३ मध्ये मागे घेतली गेली. मधल्या काळात बऱ्याच औषधांच्या मात्रा पुरुषांच्या शरीरावर ठरल्या. तुम्ही चक्राचा दिवस, रजोनिवृत्ती आणि गर्भनिरोधक गोळ्या यांची नोंद ठेवा, आणि वाटणी करतानाच दोन्ही गटांत त्यांचे प्रमाण सारखे राहील असे पाहा. रक्ताचा नमुना ठरलेल्या वेळीच घ्या. कॉर्टिसॉल सकाळी शिखरावर असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला, त्यामुळे एका भेटीला सकाळी आठ आणि दुसऱ्या भेटीला दुपारी तीन असे झाले तर जो फरक दिसेल तो घड्याळाचा असेल.

वेदना मोजायची ती रोज, घरी, ठरल्या वेळी. महिन्याने बोलावून ‘गेला महिना कसा गेला?’ असे विचारले, तर माणूस सर्वांत वाईट दिवस आणि शेवटचे दोन दिवस एवढेच सांगतो. कागदी डायरीवर माझा विश्वास उरलेला नाही. एकदा एका सहभागीची डायरी चाळताना पंधरा दिवसांच्या सगळ्या नोंदी एकाच निळ्या शाईत, एकाच तिरक्या वळणात दिसल्या, आणि त्यांत त्याच दिवसाच्या रात्री साडेनऊचा आकडाही लिहून झालेला होता. आम्ही बोलत होतो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. त्या माणसाला फसवायचे नव्हते. नोंदी राहून गेल्या होत्या, म्हणून बाहेरच्या बाकावर बसून त्याने त्या एका दमात पूर्ण केल्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट वेदनेच्या रुग्णांना दिलेल्या कागदी डायऱ्यांत त्या केव्हा उघडल्या हे टिपणारे प्रकाशसंवेदक गुपचूप बसवले होते. रुग्णांच्या म्हणण्याप्रमाणे ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या. प्रत्यक्षात ११ टक्केच झाल्या होत्या. वेळेचा शिक्का आपोआप उमटणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डायरीत हे प्रमाण ९४ टक्के निघाले. औषध सुरू करण्याआधीचा निदान एक आठवडा हीच डायरी भरून घ्यावी आणि त्या आठवड्याची सरासरी हाच आरंभबिंदू मानावा. सुरुवातीला सांगितलेली फूग त्याने बरीचशी उतरते.

किती रुग्ण लागतील? एखाद्या रुग्णाच्या स्वतःच्या आकड्यात सुमारे २ अंकांची किंवा ३० टक्क्यांची घट झाली की ती त्याला जाणवण्याजोगी असते, असे साधारणपणे मानले जाते. दोन गटांच्या सरासरीतला फरक मात्र बहुतेक वेदनाशामकांच्या बाबतीत १ च्या आसपास किंवा त्याहून कमीच भरतो, आणि या दोन गोष्टींची गल्लत जाणकारांकडूनही होते. फरक १ अंकाचा आणि प्रमाण विचलन (माणसामाणसांच्या आकड्यांतला पसारा) २.५ धरले, ८० टक्के क्षमता (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता) आणि नसलेला फरक दिसण्याच्या शक्यतेवर ५ टक्क्यांची नेहमीची मर्यादा घेतली, तर प्रत्येक गटात ९८ माणसे लागतात. त्यांतली २० टक्के मध्येच सोडून जातील असे धरले तर १२३. फरक निम्मा असेल तर माणसे चौपट. वीस जणांत एक अंकाचा फरक सिद्ध होईल ही अपेक्षाच गणितात बसत नाही.

सोडून जाणाऱ्यांचे काय करायचे, हे आधी लिहून ठेवावे. पूर्वी शेवटची मिळालेली नोंद पुढे ओढण्याची पद्धत होती. समजा, एकाची वेदना तीन आठवड्यांत ४ वर आली, पण उलट्या सहन न होऊन त्याने औषध सोडले. त्याचा ४ हा आकडा शेवटपर्यंत ओढला, तर ज्या औषधाने त्याला पळवून लावले त्याच्याच खात्यात यश जमा होते. जो औषध घेऊ शकत नाही त्याला त्याचा आराम मिळत नाही, म्हणून अशा रुग्णाचा आरंभीचा आकडाच धरणे मला अधिक प्रामाणिक वाटते. अधूनमधून घ्यायची परवानगी असलेल्या पॅरासिटामॉलच्या गोळ्याही मोजाव्यात. दोन्ही गटांचे आकडे सारखे आले, पण प्लासिबो गटाने तिप्पट गोळ्या खाल्ल्या असतील, तर तो निकाल बरोबरीचा नव्हे.

शक्य असेल तर तिसरा गट ठेवा, त्याच आजारावर चालणाऱ्या ओळखीच्या औषधाचा. खर्च वाढतो हे खरे. पण नवे औषध प्लासिबोच्या पुढे गेले नाही आणि जुने, सिद्ध झालेले औषधही गेले नाही, तर दोष चाचणीत आहे हे कळते. तिसरा गट नसेल तर चांगला रेणू वाईट चाचणीमुळे फेकला जातो.

एकाच रुग्णाला आळीपाळीने औषध आणि प्लासिबो देण्याची पद्धत माणसे वाचवते, आणि मिनिटांत विरून जाणाऱ्या संप्रेरकाला ती चालते. तीन महिन्यांतून एकदा टोचायच्या, इस्ट्रोजेन उतरवणाऱ्या ल्युप्रोलाइडसारख्या औषधाला ती चालणार नाही, कारण पहिल्या फेरीतल्या औषधाची सावली दुसऱ्या फेरीवर पडते. मोजण्याची वेळही औषधाच्या स्वभावावरून ठरते. ल्युप्रोलाइडने पहिला एक-दोन आठवडे इस्ट्रोजेन वाढते आणि मगच उतरते. दुसऱ्याच आठवड्यात निकाल लावला तर औषध वेदना वाढवते असे दिसेल. सर्वांना आधी औषध देऊन नंतर निम्म्यांचे काढून घेणारी रचनाही इथे सांभाळून वापरावी, कारण संप्रेरक अचानक थांबवण्यानेच अंग दुखू शकते. स्टेरॉइड झटक्यात बंद केलेल्यांना हे चांगले माहीत असते. स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन खाली आणणारी अरोमाटेज रोधके घेणाऱ्या कित्येक स्त्रियांचे सांधे तर बहुधा त्या कमतरतेपायीच दुखू लागतात.

सुरक्षिततेचा हिशेब सहा आठवड्यांत लागत नाही. कॅल्सिटोनिन कित्येक वर्षे वापरात होते. दीर्घकाळ घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण किंचित वाढलेले दिसल्याने युरोपच्या नियामकाने २०१२ मध्ये त्याचा वापर अल्प मुदतीपुरता मर्यादित करायला सांगितले. एलागोलिक्सची मोठी मात्रा हाडांची घनता कमी करते, म्हणून ती सहा महिन्यांपलीकडे देत नाहीत. तुमच्या संप्रेरकाचे रिसेप्टर शरीरात आणखी कुठेकुठे आहेत याची यादी करा आणि त्या प्रत्येक ठिकाणासाठी एक तपासणी ठेवा.

तुमच्या वीस जणांच्या नोंदी फुकट गेलेल्या नाहीत. आकड्यांचे विचलन, सोडून गेलेल्यांची संख्या आणि दुष्परिणामांचे स्वरूप त्यांतून मिळेल, आणि पुढच्या आखणीला नेमके तेच लागते. त्याआधी एक गोष्ट तपासून पाहा. रक्तातली औषधाची पातळी कोणत्या दिवशी स्थिर झाली आणि वेदनेचा आकडा कोणत्या दिवशी उतरू लागला, हे दोन्ही एका कागदावर मांडा. औषध पातळीला येण्याआधीच, पहिल्या दोन-तीन दिवसांत, बहुतेकांचा आकडा उतरला असेल, तर त्या तीन अंकांतला औषधाचा वाटा किती, याचा अंदाज तुम्हाला लगेच येईल.